बोडीवरचं उद्यान : इतिहास, सोयी आणि दुरुस्तीच्या नोंदी

दक्षिण नागपुरात नरेंद्र नगर ते मानेवाडा या पट्ट्यात आमच्या लेआउटचं एक सार्वजनिक उद्यान आहे. एक एकराला थोडं कमी. दाराशी असलेला जुना पत्र्याचा फलक गंजून अक्षरं गेली होती, म्हणून नवा फलक लावायचं ठरलं: वर उद्यानाचा इतिहास, खाली नकाशा आणि सोयी. उद्यान विभागाची लेखी परवानगी घेऊन काम सुरू केलं. आपल्या वस्तीच्या उद्यानाचं असं काही करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवते आहे. फलकासाठी म्हणून सुरू झालेलं काम पुढे पाण्याकडे वळलं. ते का वळलं, हे वाचल्यावर कळेल.

१० नोव्हेंबर २०२४

आज मोजणी. तीस मीटरची टेप, चुना, वही आणि दोघी जणी. मुख्य दाराचा उजवा खांब आणि पंपघराचा कोपरा हे दोन बिंदू पक्के धरले. बाकी प्रत्येक वस्तूचं अंतर या दोन्हींपासून घेतलं. नकाशा काढायला एवढं पुरतं, यंत्र लागत नाही. फक्त टेप झाडाला वळसा घालून धरायची नाही, नाहीतर घरी कागदावर कंपासचे दोन कंस एकमेकांना छेदतच नाहीत.

जागा ६२ बाय ५८ मीटर, म्हणजे सुमारे ३,६०० चौरस मीटर. चालायचा ट्रॅक मोजला तर एक फेरी २०८ मीटर भरली. इथे सगळे चार फेऱ्यांना एक किलोमीटर धरून चालतात, प्रत्यक्षात पाच लागतात. डॉक्टरांनी 'रोज तीन किलोमीटर' सांगितलेल्या माणसांना या फरकाची गरज आहे. फलकावर हे मोठ्या अक्षरात जाईल.

१७ नोव्हेंबर

सोयींची यादी करताना 'चालू' आणि 'बंद' असे दोन रकाने आखले होते. ते टिकले नाहीत. नळाला पाणी आहे, पण सकाळी बोअरचा पंप चालू असेल तेवढाच वेळ. दिवे आहेत, पण पूर्वेकडचे लागत नाहीत आणि हे दुपारी पाहणाऱ्याला कळणार नाही. ग्रीन जिमच्या यंत्रांपैकी दोनांचे बेअरिंग जाम. योगाची शेड पावसाळ्यात उपयोगाची आणि मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी. म्हणून रकाने बदलले: काय आहे, कोणत्या वेळी वापरता येतं, कोणत्या ऋतूत येत नाही, चावी कोणाकडे.

स्वच्छतागृहाला कुलूप. चावी माळीदादांकडे, आणि ते दहाला जातात. संध्याकाळी लेकरांना घेऊन येणाऱ्या बायांना त्याचा उपयोग शून्य. चावीची सोय लागेपर्यंत हे फलकावरच्या सोयींत धरायचं नाही, असं मी बैठकीत मांडलं. थोडी कुरबुर झाली, पण मान्य झालं.

२४ नोव्हेंबर

ईशान्य कोपरा, मुलांच्या खेळण्यांची जागा. झोपाळ्याच्या चारही खांबांवर जमिनीपासून साधारण एकाच उंचीवर गंजाची रेघ आहे. तेवढ्या उंचीपर्यंत पाणी उभं राहतं, याचा तो पुरावा. खालचे गट्टू, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे, खचून वाटीसारखे झालेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दरवर्षी गट्टू उचलतात, खाली चुरी टाकतात, परत बसवतात. पुढच्या पावसाळ्यात तेच."

बाकीच्या ट्रॅकचे गट्टू उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसात थोडे वर येतात. ते काळ्या मातीचं नेहमीचं वागणं आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. हा कोपरा मात्र फक्त खाली जातो, वर येत नाही. नोंद करून ठेवली.

२ डिसेंबर

इतिहासाची सुरुवात माणसांना विचारून केली. उद्यान कधी झालं याची जितकी माणसं तितकी वर्षं मिळाली. लोकांना साल आठवत नाही, प्रसंग आठवतो: 'आमच्याकडे नळ आला त्याच्या पुढच्या वर्षी', 'मोठी दहावीला होती तेव्हा'. मग उलट केलं. साल विचारायचं सोडून उद्यानाच्या आधी काय होतं ते विचारलं. तिथे मात्र सगळ्यांचं जुळलं: गाजरगवत, डुकरं, आणि एका कोपऱ्यात खड्डा. खड्डा ईशान्येलाच.

कागदांसाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पहिल्या अर्जात 'उद्यानाचा संपूर्ण इतिहास मिळावा' असं लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं की मागणी विशिष्ट नाही. हे कायद्याला धरूनच आहे. २००५च्या कायद्याने दप्तरात असलेला कागद मिळतो, कार्यालय आपल्यासाठी इतिहास लिहून देत नाही. दुसऱ्या अर्जात कागदांची नावं लिहिली: मंजूर लेआउट नकाशाची प्रत, खुली जागा ताब्यात दिल्याचं पत्र, आवारभिंतीचा पहिला कार्यादेश आणि अंदाजपत्रक. उत्तराला तीस दिवस. पानाला दोन रुपये. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. पहिल्याच अर्जात कागदांची नावं लिहिली असती तर हे आठवडे वाचले असते.

१५ डिसेंबर

लेआउट नकाशाची प्रत हाती आली. कहाणी नागपूरच्या कित्येक वस्त्यांची आहे तीच. शेत एका गृहनिर्माण संस्थेने घेतलं, प्लॉट पाडून विकले, घरं आधी झाली आणि कागद नंतर. शहरात अशा अनधिकृत लेआउटना, त्या-त्या यादीतल्या लेआउटच्या संख्येवरून, अजूनही '५७२'वाले आणि '१९००'वाले म्हणतात. नियमितीकरणाचा मार्ग गुंठेवारीच्या २००१च्या कायद्याने मिळाला आणि ते काम १९३६च्या कायद्याने आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासकडे गेलं. प्लॉट पाडताना दहा टक्के जागा खुली सोडायची हा नियम. आमचं उद्यान म्हणजे ते दहा टक्के.

पण दहा टक्के कुठले सोडायचे हे प्लॉट पाडणारा ठरवतो. जिथे पाया घालायला त्रास, जिथे पाणी साचतं, जिथे प्लॉट विकला जाणार नाही, ती जागा 'खुली' होते. आमच्या नकाशात खुली जागा दोन खसऱ्यांच्या, म्हणजे शेतांच्या भूमापन क्रमांकांच्या, हद्दीवर आहे आणि एक कोपरा तिरका कापलेला आहे. आजूबाजूचे सगळे प्लॉट काटकोनात असताना हा एकच कोपरा तिरका का, हे लेआउटच्या कागदावर कुठे लिहिलेलं नाही.

२९ डिसेंबर

भूमी अभिलेखातून मौज्याच्या जुन्या नकाशाची प्रत काढली. इकडचे गावनकाशे मध्य प्रांताच्या काळातले, सोळा इंचाला एक मैल, म्हणजे १:३९६०. नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळपास चार मीटर. आख्खं उद्यान त्यावर दीड सेंटिमीटरच्या आसपास. नुसती रेघच जाड असली तरी चार मीटरचा घोळ होतो, त्यामुळे आकड्यांवर नाही, आकारांवर विश्वास ठेवायचा.

नकाशा मोबाईलमधल्या उपग्रहचित्रावर बसवायला घेतला आणि बसेना. एक टोक जुळवलं की दुसरं सरकतं. कागद इतक्या वर्षांत ताणला गेलाय, वर झेरॉक्सने आणखी फरक पडतो. यात बराच वेळ गेला. शेवटी भूमापनात नोकरी केलेल्या शेजारच्या काकांनी मार्ग दाखवला: चौकटीचे कोपरे जुळवू नका, न हललेल्या वस्तू शोधा. तीन सापडल्या. मारुतीचा पार, दगडी विहीर आणि पांदण. पांदण म्हणजे शेतांकडे जायची वाट, तोच आजचा नऊ मीटरचा रस्ता. तो मधेच विनाकारण वाकलाय असं वाटायचं, ते वळण नकाशात जसंच्या तसं आहे. हे तीन बिंदू जुळवले आणि उद्यानाच्या तिरक्या कोपऱ्यावर एक लांबट गोल आला.

काका म्हणाले, "ही बोडी आहे. निस्तार पत्रक काढा." बोडी म्हणजे गावाचं लहान तळं. निस्तार पत्रक म्हणजे गावाच्या सामायिक वापराच्या हक्कांची नोंद.

१२ जानेवारी २०२५

निस्तार पत्रकात बोडी मिळाली. गुरांच्या पाण्यासाठी, सगळ्या गावाची. जुन्या मध्य प्रांतात गावं मालगुजारांकडे, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकांकडे, होती. तळी आणि बोड्याही त्यांच्याच, पण वापराचा हक्क गावाचा. मालगुजारी संपवणारा कायदा १९५०चा, ३१ मार्च १९५१पासून लागू झाला आणि अशा जागा सरकारात आल्या. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं. १९५६मध्ये मुंबई राज्यात आलं, १९६०मध्ये महाराष्ट्रात. एकाच बोडीचे कागद तीन राज्यांच्या दप्तरांतून फिरले, त्यामुळे शोधताना फक्त मराठी शीर्षकं चाळून भागत नाही. आम्हाला हिंदी शीर्षकाखाली मिळालं.

संध्याकाळी ज्यांचं इथे शेत होतं त्या घरातल्या आजोबांकडे गेलो. मोठा कागद पसरून त्यांनाच पेन्सिल दिली. आम्ही आधी आमचा नकाशा दाखवला नाही. दाखवला असता तर त्यांनी नुसती मान हलवली असती. त्यांनी पाळ काढली, सांडवा काढला, आणि सांडव्यातून निघालेलं पाणी धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, नाल्याला कुठे मिळायचं तेही काढलं. तो नाला पुढे पोहरा नदीत जातो.

"बोडी होती जी. उन्हाळ्यात तळ पडे, मग गाळ काढून वावरात टाकत. म्हशी बसत तिच्यात. आता पोरायचे झोपाळे हायत थ्याच जागेवर."

सांडव्याची जागा त्यांनी काढली ती आजच्या भिंतीच्या उत्तर टोकाशी येते. आमच्या नकाशात ती नव्हती. म्हणून अशा कामात कागद आणि माणूस दोन्ही हवेत, आणि माणसाला कागद नंतर दाखवायचा.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर खड्डे घेतले. तीन ठिकाणी, सब्बल आणि फावड्याने. मजुरी १,८०० रुपये.

दाराजवळ साडेतीन फूट काळी माती, मग पिवळा मुरूम. मधल्या हिरवळीत तसंच. ईशान्य कोपऱ्यात मात्र वर चुरी, खाली विटांचे तुकडे, पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या), फुटक्या फरशा, आणि त्याखाली करडा चिकट गाळ. सहा फुटांवरही मुरूम लागला नाही. बोडी मलब्याने बुजवली आणि तिच्यावर झोपाळे बसवले गेले. मलबा दबतो, पन्न्या सरकतात, गाळ पाणी सोडत नाही. वर कितीही चुरी टाकली तरी तो कोपरा खचणारच.

सहा फुटांच्या खड्ड्याला रात्री उघडं ठेवायचं नाही. आम्ही संध्याकाळच्या आत बुजवला. फक्त एक छोटा, दोन फुटांचा, पाण्याने भरून झाकून ठेवला.

२७ जानेवारी

छोट्या खड्ड्यातलं पाणी सकाळी जवळपास तेवढंच. पाझर खड्डा करायची सूचना होती, ती इथेच संपली. नागपूरच्या काळ्या मातीत पाझर खड्डा मुरमापर्यंत नेला तरच चालतो, आणि इथे मुरूम हाताला लागत नाही. खणायच्या आधी ही एका रात्रीची परीक्षा सगळ्यांनी करावी. फुकट आहे.

९ फेब्रुवारी

उंची-सखल मोजली. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,०००च्या नकाशात समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या रेषा) वीस-वीस मीटरवर, एका उद्यानाला त्याचा उपयोग नाही. गवंड्यांची पारदर्शक लेव्हल नळी घेतली, तीनशे रुपयांची. सुरुवातीची मापं एकमेकांशी जुळेनात. कारण नळीत अडकलेले हवेचे बुडबुडे. बादलीतून तोंडाने ओढून नळी भरली, पाण्यात चिमूटभर हळद टाकली, बुडबुडे दिसायला लागले आणि टिचकी मारून काढता आले. मग मापं जुळली.

कोपरा मुख्य दारापेक्षा ४२ सेंटिमीटर खाली. खरी गोष्ट भिंतीबाहेर निघाली. तिकडचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा जुन्या डांबरावरच चढवला गेला, आणि नालीचा काठ आता कोपऱ्यापेक्षा ११ सेंटिमीटर वर आहे. म्हणजे बोडीचा सांडवा जिकडे होता तिकडे आता उंचवटा आहे. पाणी आत येतं, बाहेर जात नाही.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हापासून नागपूरकर आपल्या गल्लीतलं पाणी कुठे जातं याची चौकशी करू लागलेत. आमचा भाग त्या नदीवर नाही. तरी बैठकीत हे आकडे वाचले तेव्हा फलकाचा विषय मागे पडला आणि सगळे पाण्यावरच बोलले.

२३ फेब्रुवारी

दोन मतं. एक: कोपरा दोन फूट भरून काढा. दुसरं, माझंही: बोडीला थोडी जागा परत द्या. भरून काढला तर तेच पाणी शेजारच्या तळमजल्यांत जाईल. आत्ता ते उद्यानात थांबतं म्हणून घरांत जात नाही, हे लेव्हल नळीने सगळ्यांसमोर पुन्हा दाखवलं. दोन कुटुंबांची ओसरी कोपऱ्यापेक्षा जेमतेम वीतभर वर आहे. तिथे चर्चा मिटली.

ठरलं ते असं. झोपाळे आणि घसरगुंडी नैर्ऋत्येला, मुरूम लागणाऱ्या जागेवर, कडुनिंबाच्या सावलीत. कोपऱ्यात १५ सेंटिमीटर खोल, पसरट सखल जागा, लेकरू पडलं तरी बुडणार नाही इतकीच. तिथून २८ मीटर लांब उघडी पन्हळ, बाहेरची नाली जिथे पुरेशी खोल होते तिथपर्यंत. तिथे नालीचा तळ कोपऱ्यापेक्षा ६० सेंटिमीटर खाली आहे. शंभराला एक उतार धरला तर २८ सेंटिमीटर जातात, सखल जागेचे १५ मिळवले तरी १७ उरतात.

पाणी चार दिवसांच्या आत निघालंच पाहिजे ही अट. डासाची अंडी ते डास हा प्रवास साधारण आठवडा-दहा दिवसांचा, आणि डेंग्यूचा अनुभव या गल्लीने घेतलेला आहे.

३० मार्च

परवानगीला वेळ लागला, आर्थिक वर्षाचा शेवट. झोपाळे हलवण्याचं काम विभागाच्या कंत्राटातून झालं. त्यांच्याशी एकाच गोष्टीवर अडून बसलो: घसरगुंडीचं तोंड उत्तरेला. पत्र्याच्या घसरगुंडीवर पश्चिमेचं ऊन पडलं तर मे महिन्यात लेकरांची मांडी भाजते. या शहरात २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

पन्हळीच्या आखणीत एका कडुनिंबाचं जाड मूळ आलं. मजूर तोडायला निघाले होते, थांबवलं. झाडांच्या संरक्षणाचा १९७५चा कायदा आहेच, आणि मूळ तोडलेलं झाड वादळात पडतं. पन्हळ दीड मीटर वळवली, उतार पुन्हा मोजला. दोन अर्धगोल पाईप जास्त लागले.

या झाडाचं वय फलकावर 'शंभर वर्षं' लिहावं असा आग्रह होता. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, घेर मोजला: २ मीटर ३१ सेंटिमीटर. घेरावरून नेमकं वय निघत नाही, पाणी मिळालेला कडुनिंब भराभर जाड होतो. फलकावर घेर आणि मोजल्याची तारीख जाईल. दहा वर्षांनी कोणी मोजलं तर त्याला काही तुलना करता येईल.

२० एप्रिल

डिसेंबरात दोन नमुने दक्षिणेच्या भिंतीवर टांगले होते: एक फ्लेक्ससारखं छापलेलं व्हिनाइल, एक इनॅमलने रंगवलेला पत्रा. व्हिनाइलवरचा लाल आता गुलाबी आहे आणि पिवळा शोधावा लागतो. निळा-काळा टिकलाय. पत्रा तसाच. म्हणून पेंटरकडून हाताने लिहून घ्यायचं ठरलं. चार बाय तीन फुटांचा जस्ती पत्रा, चौकट, रंग, मजुरी मिळून ६,८०० रुपये. छापील थोडं स्वस्त पडलं असतं, पण दर दोन-तीन वर्षांनी बदलावं लागलं असतं.

पेंटरदादांनी विचारलं, एवढं बारीक कोण वाचेल? बरोबर होतं. मजकूर निम्मा केला. कोणी महाराजबागेचं नाव सुचवलं होतं, तिथे भोसल्यांची बाग होती आणि १८९४पासून प्राणिसंग्रहालय आहे. कोणी १९५८च्या अंबाझरी उद्यानाचं. ती दोन्ही नागपूरची मोठी नावं, पण फलक या जागेसाठी आहे. ज्या सालाला कागद आहे तेवढंच साल ठेवलं.

११ मे

फलकाचे खांब. जुना फलक एका बाजूला झुकला होता कारण खांब दीड फुटावरच थांबवला होता, सगळाच्या सगळा काळ्या मातीत. आता जमिनीला दोन बोटं जातील इतक्या भेगा आहेत. आम्ही साडेतीन फूट खाली मुरमापर्यंत गेलो, आणखी अर्धा फूट मुरमात, आणि वरच्या भागात काँक्रीटभोवती वाळू भरली, म्हणजे माती फुगली तरी खांबाला धरून ओढणार नाही. खर्च ३,१०० रुपये.

काम पहाटे सहा ते नऊ. उन्हात काँक्रीट पाणी सोडून देतं, भेगा पडतात. पोती गुंडाळून आठवडाभर दिवसातून तीनदा ओली केली. माळीदादांनी ही जबाबदारी स्वतःहून घेतली.

फलकाची खालची कड जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर ठेवली. लहान मुलं आणि चाकाच्या खुर्चीवरची माणसं मान न ताणता वाचू शकतात.

१ जून

दाराचा उतार. उंबऱ्याची उंची १८ सेंटिमीटर. जुना उतार मीटरभर लांबही नव्हता, व्हीलचेअर ढकलणाऱ्याला वर चढवताच येत नसे. मानक एकास बारा, म्हणजे २ मीटर १६ सेंटिमीटर लांबी. ५,२०० रुपये लागले.

खरा पेच दारातल्या लोखंडी खांबांचा. गाड्या आत येऊ नयेत म्हणून ते इतके जवळ रोवलेत की व्हीलचेअरही जात नाही. ९० सेंटिमीटर जागा सोडली की स्कूटर घुसते. बराच वाद झाला. एक खांब काढला, आणि त्याच्या आत दीड मीटरवर एक आडवा कठडा दिला. खुर्ची सावकाश वळते, स्कूटरला उतरून ढकलावं लागतं. एखादा ढकलतोही. त्याला थांबवायला माणूसच लागतो. वस्तीतल्या एक आजी पक्षाघातानंतर घरीच असत, त्या पहिल्यांदा ट्रॅकवर आल्या. मला या कामातलं सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं.

२२ जून

पहिला जोराचा पाऊस. कोपऱ्यात पाणी साचलं, पन्हळीतून चाललं, आणि मधेच थांबलं. कडुनिंबाचा पाला आणि पन्न्या तोंडाशी अडकल्या होत्या. बारीक जाळी लावली होती, तीच चूक ठरली. बारीक जाळी दहा मिनिटांत भिंत होते. तिच्याऐवजी बोटभर अंतराच्या उभ्या सळ्या, आणि त्यांच्या मागे-पुढे हात घालून पाला काढता येईल एवढी मोकळी जागा.

१० जुलै

दोन दिवस संततधार. बाहेरची नाली काठोकाठ भरली आणि नालीतलं पाणी पन्हळीतून उलटं उद्यानात आलं. १७ सेंटिमीटरचा हिशेब रिकाम्या नालीचा होता. भरलेल्या नालीचा विचार आखणीत आलाच नव्हता.

तोडगा स्वस्तात निघाला. पन्हळीच्या बाहेरच्या तोंडावर ट्रकच्या जुन्या ट्यूबचा रबरी पडदा, वरच्या कडेला पट्टीने कसलेला. आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं, बाहेरचं पाणी त्यालाच दाबून तोंड बंद करतं. पहिला पडदा फार मऊ होता, आत वळला. दुहेरी करून खाली लोखंडी पट्टी अडकवली.

१४ जुलै

पाऊस थांबल्यापासून तिसऱ्या दिवशी कोपरा मोकळा. तळाला ओल आहे, उभं पाणी नाही. वाळा आणि कर्दळ धरलीय. पाळेच्या जागी अर्जुन आणि करंज लावलेत, दोघांनाही ओले पाय चालतात. शेजारच्या दोन्ही ओसऱ्या कोरड्या.

२७ जुलै

फलक लागला. मजकूर असा:

'या जागी गावाची बोडी होती. गुरांना पाणी पाजण्यासाठी ती सगळ्या गावाच्या वापरात होती. पुढे शेतांचे प्लॉट पडले, बोडी बुजली आणि ही जागा लेआउटची खुली जागा म्हणून राखली गेली. पावसाळ्यात ईशान्य कोपऱ्यात पाणी थांबते. ते दोन-तीन दिवसांत पन्हळीने निघून जाते. कृपया तिथे माती, मलबा किंवा पाला टाकू नये. चालण्याचा मार्ग २०८ मीटर, पाच फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. पिण्याचे पाणी सकाळी सहा ते आठ. मुख्य दारातून व्हीलचेअर येते. मोठ्या कडुनिंबाचा घेर मार्च २०२५मध्ये २.३१ मीटर.'

स्वच्छतागृह शेवटी फलकावर आलं नाही. संध्याकाळी चावी ठेवायला जागा मिळालेली नाही. त्यासाठी खाली एक ओळ रिकामी सोडून घेतलीय.

खर्च, कोणाला अंदाज हवा असेल तर: स्टॅम्प आणि नकला २६०, लेव्हल नळी ३००, खड्डे १,८००, पन्हळ मजुरी-सिमेंटसह १७,२००, दाराचा उतार ५,२००, खांब ३,१००, फलक ६,८००, झाडं २,४००. एकूण ३७,०६० रुपये, सगळी वस्तीची वर्गणी. झोपाळे विभागाने हलवले, ते यात नाही. रबरी पडदा पंक्चरवाल्या भाऊंनी पैसे न घेता दिला.

पन्हळीच्या सळ्यांजवळचा पाला पावसाळाभर दर रविवारी काढायचा आहे. लांब दांड्याचा आकडा पंपघरात आहे, पंपघराची चावी माळीदादांकडे आणि दुसरी भूमापनवाल्या काकांकडे. रबरी पडदा दरवर्षी मे महिन्यात तपासायचा. उन्हाने तडकला असेल तर बदलायचा, माप पंपघराच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलंय.